तळ्याच्या मधोमध भाऊ

मी ट्यूब बोलतेय. दिव्याची नव्हे, टूथपेस्टची नव्हे, आणि जेवताना तुम्ही मोबाइलवर लावून बसता ती तर मुळीच नव्हे. मी ट्रकच्या मागच्या चाकातली रबराची ट्यूब. रंग काळा, बांधा गोल, आणि अंगावर इतकी ठिगळं की त्यात मूळची मी किती उरले हे आता मलाच सांगता यायचं नाही.

माझं लहानपण काळोखात गेलं. टायरच्या पोटात बसून मी नाशिकचे टोमॅटो मुंबईला पोचवायचे. रस्ता कसा दिसतो ते मी कधी पाहिलं नाही, पण त्यावरचा एकेक खड्डा माझ्या ओळखीचा होता. पुढे दहिसर चेकनाक्याजवळ एक खिळा भेटला आणि माझी नोकरी सुटली.

तिथल्या चंद्रप्रकाश पंक्चरवाल्याने मला बाहेर काढलं, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, एक ठिगळ लावलं, दुसरं लावलं आणि मान हलवली. ड्रायव्हर नवी ट्यूब घेऊन निघून गेला. मला दुकानाबाहेरच्या खांबाला टांगण्यात आलं, जाहिरात म्हणून. जी स्वतः बाद झाली तिलाच दुकानाची पाटी करायची, ही माणसांची रीत मला तिथे कळली.

खांबावरून मला उतरवलं ते भाऊंनी.

भाऊ मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर दहिसरच्या एका कारखान्यात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. चाळीतले शेजारी, मुलगा, सून, नातवंडं, सगळेच त्यांना भाऊ म्हणत. 

“ही टाकून देतलंस तर माका दी,” ते चंद्रप्रकाशला म्हणाले.

“इसका क्या करोगे, भाऊ?”

“नातवंडांना पोहायला शिकवतो. मे महिन्यात बंगल्यावर जातो ना आम्ही. तळ्याकाठी.”

‘बंगला’ ऐकल्यावर चंद्रप्रकाशने मला पुन्हा एकदा तपासलं, आणखी एक ठिगळ फुकट लावलं आणि अदबीने हवा भरून दिली.

आता त्या बंगल्याविषयी. दहिसरहून बोरिवलीला यायचं, तिथून गोराईच्या धक्क्यावर जायचं, बोटीने खाडी ओलांडायची, की पलीकडे गोराई गाव. गावाच्या मागे एक लहानसं तळं होतं, आणि तळ्याकाठी मंजुळामावशीच्या सासऱ्यांची जाळी ठेवायची जुनी खोली. मंजुळामावशी दहिसरच्या चाळीत मासे विकायला यायची. वाटा लहान की मोठा यावरून ती आणि भाऊंची बायको मालन रोज भांडायच्या, आणि भांडता भांडता त्यांची अशी मैत्री जमली की एक दिवस मंजुळामावशी म्हणाली, “आगो, खोली बंद राहून किडतेय. पोरांना घेऊन या सुट्टीला. घरात माणूस वावरला की घर उभं राहतं.”

भाऊंनी त्या खोलीवर कौलं चढवली, मध्ये पडदा लावून एका खोलीच्या दोन केल्या आणि बाहेर चार झावळ्यांची न्हाणी बांधली. न्हाणीला छप्पर नव्हतं. आंघोळ करणाऱ्याने वर बघायचं नाही आणि नारळावर चढलेल्याने खाली बघायचं नाही, असा नियम होता. आत कितीही अगरबत्त्या लावल्या तरी जुन्या जाळ्यांचा वास भिंतीतून जात नव्हता. तोच आमचा बंगला.

त्या पहिल्या प्रवासात माझी फार शोभा झाली. बंगल्यावर पंप नाही, म्हणून भाऊंनी मला दहिसरलाच टम्म फुगवून घेतलं होतं. बसच्या दारात मी अडकले. मागून सिद्धेश ढकलत होता, पुढून तेजल ओढत होती. ही भाऊंची नातवंडं, तेजल थोरली आणि सिद्धेश धाकटा. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, ही उभी राहणार की बसणार?”

“मांडीवर घेतो,” भाऊ म्हणाले. आणि खरंच घेतलं. धक्क्यापर्यंत त्यांना माझ्यापलीकडचं काही दिसलं नाही.

बोटीत चढताना नावाडी रागावला. “काका, आमच्या बोटीवर भरवसा नाय काय?”

बरोबर स्टोव्ह, लोणच्याची बरणी, उशा, टेबलफॅन आणि मालन आजीचं जातं. इतकं सामान काश्मीरला जाणारेही नेत नसतील. बोट सुटते न सुटते तोच पलीकडचा धक्का यायचा, आणि पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर बोरिवलीचे टॉवर तिथेच उभे असायचे. पण पोरांना त्याचं काही नव्हतं. ‘सुट्टीत कुठे गेला होतास?’ असं बाईंनी विचारलं की सिद्धेश छाती काढून सांगायचा, “बोटीने गेलो होतो.” बाईंनी काय समजायचं ते समजावं.

त्या सुट्ट्या! सकाळ झाली की मी तळ्यात. सिद्धेश काठावरच्या दगडावरून धावत यायचा आणि थेट माझ्या मधल्या भोकात उडी घ्यायचा. दहातल्या नऊ वेळा नेम चुकायचा आणि माझ्या कडेवर आपटून तो उलट काठाकडे उडायचा. तेजल शहाणी. ती माझ्यात पाय सोडून पडून राहायची आणि पुस्तक वाचायची. पुस्तक भिजलं की मंजुळामावशीच्या बोंबलांशेजारी दोरीवर वाळत घालायची. पुढे शाळेच्या लायब्ररीत त्या पुस्तकांना कुणी हात लावीना.

दुपारी फणस, करवंदं, आणि पलंगाखाली गवतात घातलेले आंबे. कुठला आंबा पिकला ते बघायला दोघं इतक्या वेळा पलंगाखाली शिरायची की आंब्यांआधी पोरंच पिकतील, असं मालन आजी म्हणायची. आईबाबा रविवारी यायचे, डास चावतात म्हणायचे आणि संध्याकाळच्या बोटीने परत जायचे.

पोहण्याचे मास्तर अर्थात भाऊ. ते लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचून काठावर उभे राहायचे, हातात बांबू. “हात मार! पाय मार! मुंडी वर!” आवाज असा की पलीकडच्या काठावरची बदकं सूचना पाळायची. मात्र भाऊ स्वतः गुडघ्याच्या वर कधी ओले झाले नाहीत. कधी अंगात कणकण असायची, कधी पोट भरलेलं, कधी पाणी ‘मुलांच्या मापाचं’ असायचं. मी पाण्यात असायचे म्हणून मला ते दिसलं. पोरांना नाही दिसलं, कारण पोरांना म्हैस दिसत होती.

म्हणजे भाऊंची गोष्ट. दिवेलागणीला ओट्यावर बसलं की ती हटकून निघायची. भाद्रपदात गावच्या नदीला पूर आलेला. एक म्हैस वाहत चाललेली. काठावर अख्खा गाव नुसता ओरडतोय. आणि तरुण भाऊ! कपड्यांनिशी उडी, सपासप हात, म्हशीची शेपटी पकडली आणि तिला धारेतून कडेला काढलं.

दर वर्षी गोष्ट थोडी वाढायची. दुसऱ्या वर्षी म्हशीचं रेडकू आलं. तिसऱ्या वर्षी एक मगर आली. गोष्ट चालू असताना मालन आजी आत भाकऱ्या थापत असायची. मगरीपाशी थापण्याचा आवाज जरा थांबायचा, मग पुन्हा सुरू.

आजी स्वतः काठावरच्या दगडावर कपडे धुवायची. घोट्यापलीकडे पाण्यात पाय नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण सिद्धेश अकरा वर्षांचा झाला आणि त्याने वर्गात तोंड उघडलं.

त्याच्या वर्गात अल्पेश नावाचा मुलगा होता. तो बोरिवलीच्या एका तरणतलावात कोचिंगला जायचा आणि मेडल दाखवायचा. त्याच्यावर मात करायला सिद्धेश म्हणाला, “माझे आजोबा मगरीबरोबर पोहलेत. आणि आमचा लेकसाइड बंगला आहे.”

“बताव,” अल्पेश म्हणाला.

आणि त्या मे महिन्यात तो आला. चाकांची बॅग, डोळ्यांना निळा चष्मा, डोक्याला रबरी टोपी. बंगल्यासमोर उभा राहून त्याने विचारलं, “हा वॉचमनचा रूम ना? बंगला किदर?”

तेजल हसून हसून माझ्यातून पाण्यात पडली. पण मुलगा मनाने चांगला. मालन आजीने पुढ्यात आंबरस ठेवल्यावर बंगल्याबद्दलची त्याची तक्रार मिटली. राहिली ती एकच मागणी.

“आजोबा, स्विमिंग दाखवा ना.”

पहिल्या दिवशी भाऊ म्हणाले, आज अमावस्या आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, जेवण जास्त झालं. तिसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली. सिद्धेशचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. चौथ्या दिवशी अल्पेश त्याच्या कानाशी लागला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. “यार, तुझे आजोबा फेकू आहेत का?”

सिद्धेशने भाऊंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या बघण्याने जे केलं ते चार दिवसांच्या आग्रहाने झालं नव्हतं. भाऊ उठले. बनियन काढलं, लेंगा काढला, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उभे राहिले.

“आधी पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो,” ते म्हणाले, आणि माझ्यावर येऊन बसले.

माझ्यावर खूप जण बसले आहेत, पण थरथरणारा माणूस तो पहिलाच. त्यांनी माझ्या हवा भरायच्या व्हॉलला असं घट्ट धरलं जसं आजारी माणूस पलंगाची कड धरतो. सिद्धेशने आनंदाने मला एक जोरदार ढकल दिली. त्यात वाऱ्याने हात घातला. बघता बघता आम्ही तळ्याच्या मधोमध.

“आता उतरा!” काठावरून अल्पेश ओरडला.

“अंदाज घेतोय!” भाऊ.

आणि नेमकं तेव्हा माझं एक ठिगळ सुटायला लागलं. चंद्रप्रकाशने फुकट लावलं होतं ते. मी जीव एकवटून हवा धरून ठेवली, पण रबराचं वय झालं होतं. भाऊंच्या मांडीखालून बुडबुडे निघू लागले.

“आजोबा, गॅस?” अल्पेशने विचारलं. दोन्ही पोरं पोट धरून हसायला लागली.

भाऊ हसले नाहीत. त्यांनी मदतीची हाकही मारली नाही. नातवासमोर ‘वाचवा’ म्हणायचं तरी कसं? पाणी त्यांच्या कमरेशी आलं, मग पोटाशी, आणि ते अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “बाय माझे, आता नको गो सोडू.”

मला माणसाने ‘बाय’ म्हटलं ते तेवढंच. पण हवेला हे कळत नाही.

मंजुळामावशी बोंबील उलटत होती. तिने वर पाहिलं आणि ती किंचाळली, “आगो मालन! भाऊ चालला!”

पोरांचं हसू थांबलं. अल्पेशने डोळ्यांचा चष्मा खाली ओढला, पाण्यापर्यंत धावला आणि थिजला. “खाली काय दिसत नाय,” तो रडवेला होऊन म्हणाला. “आमच्या पूलमध्ये खाली लाद्या दिसतात!” सिद्धेश पाण्यात घुसायला निघाला, तर तेजलने त्याला चड्डीला धरून मागे खेचलं.

तेवढ्यात त्यांच्या शेजारून कुणीतरी गेलं.

मालन आजी. हाताला पीठ तसंच. धावता धावताच तिने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, धुण्याच्या दगडावर एक पाय टेकवला आणि पाण्यात शिरली. शिंतोडासुद्धा उडाला नाही. पाणी आपोआप बाजूला होत होतं आणि ती पुढे येत होती. एका कुशीवर, एक हात लांब टाकत, तोंड पाण्याबाहेर ठेवून. मी इतक्या सुट्ट्या त्या तळ्यात काढल्या, पण असं पोहणं मी पाहिलं नव्हतं.

ती पोचली तेव्हा भाऊंची फक्त हनुवटी वर होती. त्यांनी तिच्या गळ्यात हात टाकायला झेप घेतली.

“गप रव, मेल्या!” ती कडाडली. “माझ्या गळ्यात पडू नको! ट्यूबीक धर! पाय हलवू नको!”

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि ‘अहो’शिवाय तिने त्यांना कधी हाक मारली नव्हती. भाऊ इतके चकित झाले की बुडायचं विसरले. तिने माझी एक कड पकडली आणि अर्धवट फुगलेली मी, मला चिकटलेले भाऊ, असं ते सगळं लटांबर ओढत काठाला आणलं.

भाऊ दगडावर बसले. मंजुळामावशीने त्यांच्या अंगावर गोधडी टाकली. मी शेजारी चपटी होऊन पडले होते.

तेजल म्हणाली, “आजी, तुला पोहता येतं?”

“येवचा नाय तर काय?” आजी केस पिळत म्हणाली. “आमचा घर नदीच्या काठार.”

तेजल हुशार पोरगी. तिची ट्यूब तिथेच पेटली. “म्हणजे ती पुरातली म्हैस...”

“म्हस माझ्या बापाशीची होती,” आजी म्हणाली.

सिद्धेशने भाऊंकडे वळून पाहिलं. भाऊ गोधडीत आणखी आत गेले.

“आणि भाऊ कुठे होते?”

“काठार. छत्री घेवन.”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. भाऊ त्या वर्षी गणपतीला मुंबईहून गावी गेले होते. पूर बघायला काठावर उभे होते. त्यांनी पाहिलं की एक मुलगी म्हशीची शेपटी धरून धारेतून बाहेर येतेय आणि त्या म्हशीला मनसोक्त शिव्या घालतेय. भाऊ छत्री तिथेच विसरून घरी गेले आणि मुंबईला परतल्यावर आईला म्हणाले, लग्न करीन तर हिच्याशी.

“पण मग तुम्ही स्वतःचं नाव का सांगितलं?” सिद्धेशचा आवाज चिरका झाला होता.

आता भाऊ बोलले. गोधडीतूनच. “माझी आई कडक होती रे. लग्नानंतर कुणीतरी तिच्या कानावर घातलं, मालवणकडे पुरात कुणी बाईमाणसाने उडी घेतली म्हणून. आई लागली विचारायला. सूनबाई अशी उंडारते हे तिला कळलं असतं तर हिचं चाळीत जगणं कठीण केलं असतं. म्हणून मी म्हटलं, कुणी बाई नव्हती, मीच होतो.”

“आणि मग?”

“मग चाळीतल्या लोकांनी पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा.” भाऊंनी नाक पुसलं. “सांगायला बरं वाटायचं.”

आजी लुगडं पिळत होती. 

“तू का नाही गं सांगितलंस खरं?” तेजलने तिला विचारलं.

“सासू होती तवसर गप रवलंय. मगे ह्यांका इतका सांगूक आवडा, म्हटला सांगूंदेत. माझ्या म्हशीचा माका ठावक आसा ना.”

मग गोधडी जराशी हलली.

“मगर मात्र माझी हां,” भाऊ म्हणाले.

सगळ्यात आधी आजीच हसली. ती अशी हसली की तिला धुण्याच्या दगडावर बसावं लागलं. मग पोरं, मग मंजुळामावशी, आणि सगळ्यांना हसताना बघून, काय चाललंय ते अर्धंच कळलेला अल्पेश. तो आजीच्या पाया पडला आणि म्हणाला, “आजी, तुमचा कोच कोण?”

“म्हस,” आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बांबू आजीच्या हातात गेला आणि लगेच चुलीत गेला. ती पाण्यात उतरून शिकवायची. त्या सुट्टीत सिद्धेश आणि तेजल माझ्याशिवाय पोहायला लागले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ज्याला आपली गरज उरत नाही तो आपल्याकडूनच शिकलेला असतो, अशी मी मनाची समजूत घातली. भाऊंनाही शिकवायचा प्रयत्न झाला. मी त्यांच्या पोटाखाली, आजी त्यांची हनुवटी धरून. भाऊ शिकले नाहीत. काही माणसं काठासाठीच जन्मतात.

गोष्ट मात्र थांबली नाही. फक्त आता त्यात आजी पोहायची आणि भाऊ छत्री धरायचे. आश्चर्य म्हणजे ही गोष्ट भाऊ आधीपेक्षा रंगवून सांगायला लागले. त्यात ते स्वतः इतके घाबरायचे, इतके थरथरायचे की ऐकणारा हसून लोळायचा. आतून भाकरीच्या थापण्यासोबत आवाज यायचा, “छत्री उलटी झाल्याचा सांगितलात काय?”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सिद्धेश अंधेरीला एका ऑफिसात लागलाय. तेजल घाटकोपरला राहते, तिला ऋतिका नावाची मुलगी आहे. अल्पेश मुलुंडला पोहायला शिकवतो म्हणे. तळ्याच्या पलीकडे एक रिसॉर्ट झालंय. तिथल्या निळ्या टाकीत माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून फोटो काढतात आणि कोरडी डोकी घेऊन परत जातात. 

आमच्या बंगल्याची कौलं गेली, पत्रे आले. न्हाणीला छप्पर आलं. भाऊ आणि आजी हल्ली वर्षातले बरेच महिने इथेच असतात, कारण मंजुळामावशी थकली आहे आणि भांडायला तिला माणूस लागतं.

मी पाण्यात जात नाही. ठिगळावर ठिगळ बसत नाही आता. मी माळ्यावर गेले होते, तिथून मला खाली आणलं ते भाऊंच्या मूळव्याधीने. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मध्ये भोक असलेल्या गादीवर बसायला सांगितलं. सिद्धेशने मोबाइलवरून एक गुलाबी गादी मागवली. भाऊंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “माझी ट्यूब काढ.” तेव्हापासून अर्धी हवा भरून मी ओट्यावर असते आणि भाऊ माझ्यावर. ऋतिकाला वाटतं, हे पणजोबांचं सिंहासन आहे. असू दे. टोमॅटोपासून सुरुवात करून मी इथवर आले, हे काही थोडं नाही.

तुमच्या बाल्कनीत, माळ्यावर माझी कुणी बहीण पडली असेल तर एक विनंती. तिला उन्हात टाकू नका, रबर तडकतं. आणि घडी घालून ठेवू नका, घडीवरच चिरा पडतात. थोडीशी हवा राहू द्या तिच्यात. जास्त नको. कुणी बसलंच तर बसता यावं एवढी.

आणि आमच्याकडे आलात तर संध्याकाळी या. ऊन उतरलं की आजी अजूनही तळ्यात जाते. गुडघे दुखतात, पण पाण्यात दुखत नाहीत म्हणते. नातवंडं ओरडतात, “भाऊ, तुम्ही तरी अडवा ना तिला.” भाऊ हात झटकतात. “जाऊंदे रे. तिका काय होतला?”

मग ती मधोमध पोचते आणि बुडी मारते. तळ्यावर नुसतं पाणी राहतं. ओट्यावर गप्पा चालूच असतात, ऋतिका काहीतरी विचारत असते, भाऊ ‘हं हं’ म्हणत असतात. पण मला ठाऊक आहे, त्या वेळी त्यांचं वजन माझ्यावर नसतं. ते दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून अर्धे उठलेले असतात.

तिचं डोकं वर येतं. ती तोंडावरून हात फिरवते आणि काठाकडे वळते.

भाऊ धपकन खाली बसतात. माझ्या व्हॉलमधून फुस्स करून थोडी हवा जाते. जाऊ दे. सकाळी कुणीतरी भरेल.